शब्द गोड, मन साशंक

13 फेब्रुवारी 2023 रोजी अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला आणि तीन विद्यार्थी प्राणाला मुकले. पाठोपाठ टेनेसी राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना एक ईमेल पाठवला. एकमेकांची काळजी घ्या, कुणाला एकटं पडू देऊ नका, असा त्याचा सूर होता. मजकुरात खटकावं असं काही नव्हतं. खटकली ती अगदी शेवटची बारीक अक्षरातली ओळ. हा मजकूर चॅटजीपीटीच्या आधारे तयार केल्याची नोंद तिच्यात होती. विद्यार्थी संतापले, महाविद्यालयाला माफी मागावी लागली आणि संबंधित अधिकाऱ्यांना काही काळ त्या जबाबदारीपासून दूर व्हावं लागलं.

ती ओळ नसती तर तोच ईमेल वाचून कित्येकांना बरं वाटलं असतं. शब्द तेच राहिले असते, सल्लाही तोच. ते शब्द कुणी जुळवले हे कळल्याबरोबर त्यांतला दिलासा मात्र नाहीसा झाला. शिवाय ज्याने खरं काय ते सांगितलं, त्याच्याच वाट्याला राग आला. पीबॉडीच्या त्या एका ईमेलमध्ये जे घडलं, ते आता आपल्या रोजच्या ऑनलाइन बोलण्यात लहान प्रमाणात सतत घडतं आहे. ईमेलच्या खाली उत्तरं तयार असतात, फोनवर वाक्यं सुचवली जातात, वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून राजीनाम्यापर्यंत सगळं एका विनंतीवर लिहून मिळतं. यंत्रामुळे आपलं बोलणं रुक्ष होईल, अशी भीती सुरुवातीला अनेकांना होती. हाती आलेले पुरावे वेगळं सांगतात. सौजन्य वाढतं आहे. झिजतो आहे तो आपला एकमेकांवरचा विश्वास, आणि त्या झिजण्याची किंमत यंत्र कधीही न वापरणाऱ्यांनाही मोजावी लागते आहे.

आधी सौजन्याचं पाहू, कारण ते नाकारण्यात अर्थ नाही. एप्रिल 2023मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांनी इंटरनेटवर उघडपणे विचारलेले 195 वैद्यकीय प्रश्न घेतले, त्यांना प्रत्यक्ष डॉक्टरांनी दिलेली उत्तरं घेतली आणि तेच प्रश्न चॅटजीपीटीलाही विचारले. कोणतं उत्तर कुणाचं हे न सांगता वैद्यकीय क्षेत्रातल्याच जाणकारांकडून दोन्हींचं मूल्यमापन करून घेतलं. यंत्राची 45 टक्के उत्तरं त्यांना सहानुभूतीपूर्ण वाटली, डॉक्टरांची जेमतेम 5 टक्के. त्या डॉक्टरांना निष्ठुर म्हणणं चुकीचं ठरेल. डॉक्टरांचं उत्तर सरासरी 52 शब्दांचं होतं आणि यंत्राचं 211 शब्दांचं. पदरचा वेळ काढून, फी न घेता, अनोळखी माणसाच्या प्रश्नाला उत्तर देणारा डॉक्टर चार ओळींत मुद्द्याचं सांगून मोकळा होतो. यंत्राला वेळेची चणचण नाही. ‘तुमची काळजी मी समजू शकतो’ हे वाक्य त्याला फुकट पडतं.

फुकट पडणाऱ्या या वाक्याचं पुढे काय होतं, ते ‘कोको’ या मानसिक आधार देणाऱ्या व्यासपीठावर दिसलं. तिथे अडचणीतले लोक आपलं दुःख लिहितात आणि त्यांच्यासारखेच इतर लोक त्यांना धीर देतात. संस्थेने या उत्तरांच्या लेखनात यंत्राची मदत घेऊन पाहिली. माणसाने वाचून, हवं तर बदलून मगच मजकूर पुढे जाई. जानेवारी 2023मध्ये सहसंस्थापक रॉब मॉरिस यांनी या प्रयोगाची माहिती जाहीर केली. सुमारे 4,000 लोकांपर्यंत असे संदेश गेले होते, ते निव्वळ माणसांच्या संदेशांपेक्षा अधिक चांगले ठरले होते आणि उत्तराला लागणारा वेळ निम्म्यावर आला होता. तरीही त्यांनी ती सोय बंद केली. संदेश यंत्राच्या साथीने लिहिला आहे हे कळल्यावर लोकांना ती सहानुभूती पोकळ वाटली, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा नाजूक ठिकाणी हा प्रयोग करायलाच नको होता, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती योग्यच होती. पण त्यांचं निरीक्षण पुढे नियंत्रित प्रयोगांतही खरं ठरलं. हिब्रू विद्यापीठाच्या अनात पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 6,000हून अधिक लोकांवर केलेले प्रयोग 2025मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राने लिहिलेलं उत्तर ‘माणसाचं’ म्हणून दिलं की लोकांना त्यात जास्त आपुलकी जाणवे, ‘यंत्राचं’ म्हणून दिलं की कमी.

याला लोकांचा हट्ट किंवा पूर्वग्रह म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. सांत्वनाच्या दोन ओळींतून वाचणाऱ्याला दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे त्या ओळींचा अर्थ. दुसरी म्हणजे कुणीतरी हातातलं काम ठेवून माझ्यासाठी थोडा वेळ काढला, माझा विचार केला, याची खात्री. दुःखात असलेल्या माणसाला यातली दुसरी गोष्टच जास्त लागते, म्हणून तर ‘काय बोलावं सुचत नाही’ एवढं एक वाक्यही पुरतं. यंत्र पहिली गोष्ट उत्तम देतं आणि दुसरी काढून घेतं. म्हणून मजकूर गोड असूनही वाचणाऱ्याला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं अगदी रास्त आहे.

इथपर्यंतची गोष्ट उघडकीला आलेल्या वापराची झाली. रोजच्या व्यवहारात बहुतेक वेळा काहीच उघडकीला येत नाही. असते ती फक्त शंका. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं आणि त्यांचं काम एप्रिल 2023मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आलं. या विषयावरचा हा अभ्यास मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्यांनी 219 जोड्यांना एका प्रश्नावर मेसेजद्वारे चर्चा करायला सांगितलं. काहींच्या पडद्यावर गूगलची तयार उत्तरं दिसत होती. हवं तर बोट लावून पाठवावं, नाहीतर स्वतः टाइप करावं. दर सात संदेशांतला सुमारे एक असा तयार निघाला. बोलणं जलद झालं, त्यात सकारात्मक भावनांचे शब्द वाढले. ज्याने तयार उत्तरं प्रत्यक्षात जास्त वापरली, तो समोरच्याला अधिक सहकार्य करणारा आणि जवळचा वाटला. आणि समोरचा तयार उत्तरं वापरतो आहे अशी ज्याला शंका आली, त्याला तोच माणूस तुटक आणि कमी सहकार्य करणारा वाटला. संशोधकांनी प्रत्यक्ष वापर आणि वापराची शंका या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या होत्या, म्हणून हे कळू शकलं. वापराने नातं सुधारतं आणि संशयाने बिघडतं, असा तो दुहेरी निष्कर्ष आहे.

तयार उत्तरांचा कल गोडव्याकडे का असतो, याचंही एक कारण सांगता येतं. 2015मध्ये गूगलने ईमेलसाठी ही सोय तयार करताना सुरुवातीच्या आवृत्तीने जवळपास कोणत्याही पत्राला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं उत्तर सुचवायला सुरुवात केली होती. लोकांच्या पत्रांत हे वाक्य वारंवार येतं, त्यामुळे काय लिहावं याची खात्री नसली की यंत्राला ते सुरक्षित वाटे. अभियंत्यांनी ती खोड काढली, पण मूळ ओढ तीच राहिली. जे वारंवार लिहिलं जातं आणि ज्याने कुणी दुखावत नाही, तिकडे यंत्र झुकतं. त्यात आता वापरणाऱ्याला खूश ठेवण्याचं शिक्षणही मिसळलं आहे. एप्रिल 2025मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीची एक नवी आवृत्ती मागे घ्यावी लागली, कारण ती उठसूट खुशामत करू लागली होती. अशा स्वभावाचं यंत्र कोट्यवधी लोकांना शब्द पुरवतं, तेव्हा गोड बोलणं कुणाच्या स्वभावाची किंवा जिव्हाळ्याची खूण उरत नाही.

मग संशय घेणाऱ्याने तरी कशावरून घ्यावा? हे ओळखता येतं अशी पुष्कळांची समजूत असते. 2023मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने ती खोटी ठरवली. 4,600 लोकांना नोकरीसाठी, घर भाड्याने देण्यासाठी आणि ऑनलाइन डेटिंगसाठी लिहिलेली आत्मवर्णनं दाखवली आणि माणसाची कोणती, यंत्राची कोणती ते विचारलं. बरोबर उत्तरांचं प्रमाण 50 ते 52 टक्के आलं, म्हणजे नाणं उडवून ठरवल्यासारखंच. लोक अगदीच अंदाजपंचे सांगत नव्हते. त्यांच्याजवळ खुणा होत्या. घरच्यांचा उल्लेख आला, ‘मी’ आला, सैल बोली आली की ते माणसाचं मानत. यंत्राला हे सगळं लिहिता येतं, म्हणून खुणा फसव्या निघाल्या. त्याआधी 2019मध्ये झालेल्या एका प्रयोगात घर भाड्याने देणाऱ्यांची वर्णनं लोकांना वाचायला दिली होती. सगळी वर्णनं यंत्राची आहेत असं सांगितलं, तेव्हा विश्वास फारसा घटला नाही. सगळी माणसांची आहेत असं सांगितलं तेव्हाही तो तेवढाच होता. काही यंत्राची आणि काही माणसांची आहेत असं सांगितलं, तेव्हा मात्र ज्या ज्या वर्णनाबद्दल शंका आली त्यावरचा विश्वास खाली गेला. आपण आज या तिसऱ्या स्थितीत जगतो आहोत. आपल्या इनबॉक्समध्ये सरमिसळ आहे आणि ती कधी संपेल असं दिसत नाही.

या सरमिसळीत जुन्या खुणाही उलट्या झाल्या. फसवा मेसेज कसा ओळखावा, तर त्यातल्या अशुद्ध लेखनावरून, असं कालपर्यंत सांगितलं जाई. ‘आपले खाते बंद होनार आहे’ असं वाचलं की माणूस सावध होई. आता भामट्यांनाही शुद्ध मराठी एका विनंतीत मिळते, तेव्हा ती खूण गेली. दुसऱ्या बाजूला नीटनेटकं, परिच्छेद पाडून, सभ्यपणे लिहिणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहू लागले. यात सर्वाधिक भरडला जातो तो दुसऱ्या भाषेत लिहिणारा. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी 2023मध्ये यंत्राचं लेखन पकडण्याचा दावा करणारी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले. सरासरी 61 टक्के निबंधांवर या साधनांनी यंत्राचा शिक्का मारला. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र त्यांनी जवळपास अचूक ओळखले. परकी भाषा शिकलेला माणूस मोजके, ठरलेले शब्द वापरतो आणि त्याची वाक्यं अपेक्षित वळणाने जातात. ही साधनं नेमकं हेच यंत्राचं लक्षण समजतात. मराठी माध्यमात शिकून पुण्या-मुंबईच्या कचेरीत किंवा परदेशात इंग्रजीतून ईमेल लिहिणाऱ्या हजारो मुला-मुलींनी अशीच जपून, घोटून इंग्रजी कमावली आहे. त्यांच्या कष्टांवर संशय घेतला जाणं हा मला या सगळ्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. तयार शब्द वापरणं आपल्याला नवं कुठे आहे? ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा मायना काही कुणी स्वतः रचला नव्हता. लग्नपत्रिकेतला मजकूर छापखान्यातला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ फ्लेक्सवरची. मुंबईच्या जीपीओबाहेर बसणाऱ्या पत्रलेखकांनी गावाकडच्या कुटुंबांसाठी कामगारांची पत्रं वर्षानुवर्षं लिहिली, आणि ती पत्रं खोटी आहेत असं कुणाच्या मनात आलं नाही. सकाळी फुलांच्या चित्रासह येणाऱ्या ‘शुभ सकाळ’ मेसेजांनी तर भारतीयांचे फोन इतके भरले की गूगलला त्यांची साफसफाई करणारं ॲप काढावं लागलं. मग यंत्राच्या शब्दांनीच असं काय बिघडलं?

बिघडलं ते असं की या सगळ्या तयार शब्दांत कुणाची फसगत होत नव्हती. मायना ठरलेला आहे हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही माहीत असे. मायना संपून ‘पत्र लिहिण्यास कारण की’ आलं की माणूस स्वतःचं बोलू लागे. पत्रलेखक मजकूर लिही, पण सांगणारा समोर बसलेला असे. पोराचा ताप, पाठवलेल्या पैशांचा हिशेब, पेरणीची चौकशी हे सगळं त्याच्या तोंडून आलेलं असे, आणि पत्र दुसऱ्याच्या हातचं आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असे. ‘शुभ सकाळ’चं चित्र पुढे ढकललेलं आहे हेही उघडच असतं. त्याचा अर्थ ‘तुमची आठवण आहे’ एवढाच, आणि तेवढा तो खरा असतो. नवं यंत्र हुबेहूब त्या माणसाच्या नावाने, त्याच्या सुरात, मायन्याच्या पुढचा मजकूर लिहितं. जिथे माणूस स्वतः बोलतो असा भरवसा होता, ती जागाच ते घेतं.

मग सरळ सांगून टाकावं, ‘हे यंत्राच्या मदतीने लिहिलं आहे’ अशी ओळ सगळ्यांनी घालावी, असं काही जण सुचवतात. पीबॉडीने तेच केलं होतं. ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025मध्ये प्रसिद्ध केलेल्या 13 प्रयोगांत दिसलं की यंत्राचा वापर स्वतःहून कबूल करणाऱ्यावरचा विश्वास घटतो. वापर लपवला आणि दुसऱ्याने उघड केला तर तो आणखी घटतो. म्हणजे खरं बोलण्याचा तोटा नक्की, लपवण्याचा तोटा पकडलं गेलं तरच. अशा हिशेबात लोक काय करतील ते सांगायला नको. कायद्याचीही धाव मर्यादित आहे. कॅलिफोर्नियात 2019पासून विक्रीसाठी किंवा निवडणुकीत मत वळवण्यासाठी माणसाचं सोंग घेणाऱ्या बॉटने आपली ओळख दिली पाहिजे असा नियम आहे. तो चांगलाच आहे. पण माणसाच्या मेसेजमधली किती वाक्यं यंत्राची, हे कोणता कायदा मोजणार? अर्ध्या वाक्याची दुरुस्ती आणि अख्ख्या माफीनाम्याची उसनवारी यांना एकच शिक्का लावला तर तो शिक्का दोन दिवसांत निरर्थक होईल.

यंत्राला दारातून हाकलून द्या, असं मी म्हणत नाही, कारण त्याचा चांगला उपयोगही सिद्ध झाला आहे. ‘टॉकलाइफ’ या आधार देणाऱ्या मंचाच्या 300 स्वयंसेवकांना वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक साधन दिलं. स्वयंसेवक आपलं उत्तर लिहीत आणि कुठे समोरच्याची भावना ओळखता येईल, कुठे एखादा प्रश्न विचारता येईल, ते हे साधन सुचवी. उत्तरांतली सहानुभूती सुमारे 20 टक्क्यांनी वाढली. ज्यांना धीर देणं एरवी अवघड जात होतं, त्यांच्या बाबतीत जवळपास 39 टक्क्यांनी. बंदुकांवरील नियंत्रणासारख्या तापलेल्या विषयावर वाद घालणाऱ्या सुमारे 1,500 अमेरिकी नागरिकांवरही असाच प्रयोग झाला. यंत्र फक्त सांगे की हेच म्हणणं समोरच्याचा मान राखून असं मांडता येईल. घ्यायचं की नाही, ते लिहिणाऱ्याच्या हाती. कुणाचं मत बदललं नाही, पण समोरच्यांना तो संवाद अधिक चांगला वाटला. या दोन्ही ठिकाणी काय म्हणायचं ते माणसाचं होतं आणि ते कसं म्हणावं एवढ्यापुरती मदत होती. जीपीओबाहेरचा पत्रलेखकही याच बाजूला बसतो.

म्हणून माझ्या मते रेषा ओढायची ती प्रसंग पाहून. वीजमंडळाला तक्रार, बँकेला अर्ज, साहेबाला रजेची विनंती, सोसायटीची नोटीस यांत आपुलकीचा प्रश्न नसतो. तिथे यंत्राची मदत खुशाल घ्यावी आणि घेणाऱ्याला कुणी नावं ठेवू नयेत. ज्याला लिहिता येत नाही, हात चालत नाही, भाषा परकी आहे, त्याने आपलं म्हणणं यंत्राकडून नीट करून घेतलं तर तो त्याचा हक्कच आहे. शोक, माफी, कौतुक, प्रेम आणि मैत्रीतला रुसवा या प्रसंगी मात्र तयार मजकूर घेऊ नये. ‘या कठीण काळात आमच्या संवेदना तुमच्यासोबत आहेत’ हे यंत्र लिहील. काकांनी पावसात एसटी स्टँडवर येऊन आपली बॅग उचलली होती, हे त्याला माहीत नाही. ते एक वाक्य ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुकांसह लिहिलं तरी त्या घराला पुरेल. ईमेल आणि मेसेजची ॲप चालवणाऱ्या कंपन्यांकडेही एक मागणी करायला हवी. न मागता तयार उत्तरं पुढे करू नका, निदान मृत्यूची बातमी आलेल्या संदेशाखाली तरी नको.

आणि वाचकांना एक विनंती. एखादा मेसेज फार गुळगुळीत वाटला तर ‘हे एआयने लिहिलंय’ असं ग्रुपवर सगळ्यांसमोर म्हणू नका. वाटल्यास त्या माणसाला फोन करा. असा अंदाज जवळपास निम्म्या वेळा चुकतो, हे मोजून झालेलं आहे.